बिनमालकाची सावली

हे खरं घडलंय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मी समजूत घालत बसणार नाही. तेवढा धीर माझ्यात कधीच नव्हता.

आणि भुताची गोष्ट म्हटल्यावर अमावस्या, स्मशान, सुनसान रस्ता शोधणाऱ्यांनीही जावं. कारण रात्र नव्हतीच.

भर दुपार होती. गेल्या मे महिन्यातली, जयपूरची.

मी विनया. माहेर इचलकरंजीचं. नवरा उमाकांत विमा कंपनीत अधिकारी. त्याची बदली झाली म्हणून इकडे आलो आणि दुर्गापुऱ्यात, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालकीण भाभीजी. माझा राग नाकावर असतो, हे सासर-माहेर दोन्हीकडे ठाऊक आहे. मी आधी ओरडते, मग विचार करते. पाच मिनिटांत विसरतेही, ते सोडा.

माझी धाकटी बहीण निशिगंधा अगदी उलट. आमची निशी. तिच्या पायावर कुणी पाय दिला तर तीच सॉरी म्हणेल. पीएचडीच्या तिच्या गाइडने तिचं सगळं काम दुसऱ्याच्या नावावर छापलं. मी असते तर त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. ही गप्प. म्हणे, मीच सांभाळून राहायला हवं होतं. जेवण सुटलं, झोप उडाली. एक दिवस मी माहेरी गेले होते, बाथरूमचं दार ढकललं, तर ही आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच कपाळावर मूठ मारत होती.

शांतपणे. कणीक तिंबावी तशी.

त्याच आठवड्यात तिला जयपूरला घेऊन आले.

इथे तिला एका गोष्टीने हात दिला. इंटरनेटवर एक आभासी जग आहे. गेम नव्हे, तिथे जिंकणं-हरणं काही नसतं. आपली एक बाहुली असते. तिला नटवायचं, हिंडवायचं. लोकांनी तिथे बागा, घरं, समुद्रकिनारे बांधून ठेवलेत, तिथे तिला उभी करायची आणि फोटो काढायचे. सूर्यसुद्धा आपल्या हातात. पाहिजे तिकडून ऊन पाडा. निशीचा हात त्यात असा बसला की लोक तिचे फोटो मागायला लागले. पोरगी पुन्हा जेवायला लागली. हसायला लागली. मला एवढंच पाहिजे होतं.

फोटो तिचे, मशीन माझी. लग्नाआधी मी कॉम्प्युटर शिकवायचे, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, ही कटकट माझ्याकडे. आणि या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त छळते ती सावली. कधी पडतच नाही. कधी कडा करवतीसारख्या येतात. कधी पायांपासून सुटून भलतीकडेच पडते. निशीच्या ओळखीच्या बायका मला मेसेज करायच्या, ताई, सावली फाटतेय, काय करू? मला त्यांनी सावलीची डॉक्टरीण करून टाकलं होतं.

माझी पद्धत एकच. वगळत जायचं. तिथली एकेक वस्तू नजरेआड करता येते. झाड काढा, भिंत काढा, दिवा काढा. जी काढल्यावर दोष जातो, ती गुन्हेगार.

त्या दुपारी बाहेर लू, म्हणजे इकडचा तो भाजून काढणारा वारा, सुटली होती. खिडक्यांना जाड पडदे, कूलर घरघरतोय, उमाकांत ऑफिसला. बंगळुरूच्या एका बाईंनी त्या आभासी जगात चित्रांचं दालन उघडलं होतं आणि निशीची चित्रं मागितली होती. शेवटचं एक चित्र राहिलं होतं. त्यासाठी निशीने एक पडीक गच्ची शोधली होती. कुणीतरी बांधून सोडून दिलेली. बांधणाऱ्याचं नावही राहिलं नव्हतं. चारी बाजूंनी कठडा, मधे मोकळी फरशी, बाकी काही नाही.

निशीची बाहुली मधोमध उभी. आणि तिची सावली पार फाटकी. माझी सकाळ त्यात गेली. ड्रायव्हर बदलला, सेटिंग बदलली, शिव्या घातल्या. काही फरक नाही.

मग निशी म्हणाली, "ताई, ती दुसरी सावली कुणाची आहे?"

मी बघितलं.

गच्चीच्या कोपऱ्यात, फरशीवर...

एक सावली पडली होती. माणसाची. काठ सुरेख, स्वच्छ. आमच्या बाहुलीला जशी हवी होती तशी.

पण तिथे माणूस नव्हता.

मी म्हटलं, कुठलीतरी अदृश्य वस्तू असणार, असं होतं कधीकधी. वगळायला लागले. कठडा काढला. भिंती काढल्या. निशीची बाहुली काढली. सावली आहे तिथेच. सूर्य फिरवला. बाकी सगळ्या सावल्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरल्या.

ही हलली नाही.

मी सेटिंगमध्ये जाऊन सावल्याच बंद केल्या. सगळं जग सपाट झालं, कुठेही सावली नाही.

ही होती.

शेवटी फरशीच काढून टाकली. खाली नुसती निळी पोकळी. आणि त्या पोकळीवर...

ती तशीच पडलेली.

मला तेव्हा भीती नाही वाटली. चीड आली. मशीन ऐकत नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरतंच. मी फरशी, भिंती परत आणल्या आणि म्हटलं, ही जागाच सोड. पण निशीला चित्र आजच पूर्ण करायचं होतं. तिने सुचवलं, आपली फाटकी सावली बंद करू आणि बाहुलीला त्या सावलीच्या पायांवर उभी करू. पायाला पाय जुळले की ती तिचीच वाटेल.

या फोटोंमध्ये सगळेच असं करतात. हवेत बसवलेली बाहुली खुर्चीवर बसल्यासारखी दाखवतात, एका फोटोतलं पाणी दुसऱ्यात ओततात. दिसलं की झालं. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट म्हटलं, हुशार आहेस.

निशीने बाहुली सरकवत नेली. टाच टाचेला लागली. बोट बोटाला लागलं.

टक्.

आवाज कॉम्प्युटरमधून आला नाही. खोलीतून आला. दाराची कडी बसावी तसा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की कूलर फिरतोय, पडदा हलतोय... पण आवाज नाही. खिडकीतले पारवे गप्प. गल्ली गप्प. कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं. मी काही बोलणार तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली.

निशीने फोटो काढून ठेवला. चित्र अप्रतिम आलं होतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तिने मला पुन्हा बोलावलं. बाहुलीचे दोन्ही हात खाली होते, तसेच आम्ही ठेवले होते. सावलीचा उजवा हात...

वर होता. हातात दांडकं.

मी म्हटलं, उद्या बघू. आणि कुकर लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निशी चहा करत होती. दूध उतू गेलं. मी बाहेरूनच ओरडले की बघ जरा. ती म्हणाली, "माझ्या हातून एक काम धड होत नाही." अगदी हळू, स्वतःशीच.

कूलरचा आवाज गेला.

मग एक आवाज आला. सप्प. ओल्या गादीवर काठी बसावी तसा. पाठोपाठ निशीची किंकाळी. मी धावले. ती ओट्याखाली पडली होती, खांद्याशी हाड वर आलेलं, कातडीखालून टोक दिसत होतं. कुणी नव्हतं. पातेलं गॅसवर तसंच. मी तिला उचलायला वाकले तर पुन्हा सप्प. माझ्या डोळ्यांसमोर तिची पोटरी आत दबली. जणू दांडकं बसलं. दबली, आणि बघता बघता लाल पट्टा उठला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मराठी निघाल्या, बार्शीच्या. गिरिजा नाव. त्यांनी उमाकांतला बाहेर बसवलं आणि दार लावून मला खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे पडून होत नाही. हे मारून होतं. घरात कोण आहे, मला सांगा."

मी काय सांगणार? सावली म्हणून सांगू? उमाकांत बाहेर बिचारा मान खाली घालून बसला होता. सगळा वॉर्ड त्याच्याकडे बघत होता.

घरी येऊन मी ते चित्र पुसलं. मूळ प्रती पुसल्या. तो प्रोग्रामच मशीनवरून काढून टाकला. बंगळुरूच्या बाईंना कळवलं, चित्रं येणार नाहीत. खातं तेवढं राहिलं होतं. भाभीजींच्या सांगण्यावरून मोती डुंगरीला जाऊन गणपतीसमोर नाकही घासलं. वाटलं, संपलं.

संपलं कुठलं.

रविवार होता. उमाकांत घरात. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, निशीचा हात गळ्यात बांधलेला, मी तिला घास भरवत होते. ती एकदम रडायला लागली. म्हणाली, माझ्यामुळे तुम्हा दोघांना किती त्रास, मीच पनवती आहे.

उमाकांत काहीतरी समजावत होता. त्याचे ओठ हलत होते.

आवाज येत नव्हता.

मी घास टाकून उठले, पण उशीर झाला होता. पहिला फटका तोंडावर बसला. दात ताटात पडला. वरणात. दुसरा कानशिलावर. ती खुर्चीसकट आडवी झाली आणि मग ते थांबेचना. सप्प. सप्प. सप्प. मी तिच्या अंगावर झोपले. तिला पूर्ण झाकून घेतलं, म्हटलं, मार मला, काय मारायचंय ते.

मला काही लागलं नाही.

पाठीवर फक्त वारा येत होता. प्रत्येक फटक्याला वारा. आणि माझ्याखाली निशीचं अंग उडत होतं. फटके माझ्यातून जात होते आणि तिला बसत होते. बरगडी मोडल्याचं मला माझ्या पोटाला कळलं.

उमाकांत भिंतीला टेकून उभा होता. नंतर तो म्हणाला, त्याने भिंतीवर बघितलं. आमच्या दोघींच्या सावलीवर तिसरी सावली उभी होती आणि तिचा हात वरखाली होत होता. हे सांगताना तो लहान मुलासारखा रडला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला रडताना बघितलं.

निशी आयसीयूत गेली. डॉक्टर गिरिजांनी पोलिसांत कळवायची भाषा केली. मी म्हटलं, कळवा. माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पुढच्या वेळी ती मरणार.

आणि मग डोक्यात आलं, आपण दोष काढायच्या मागे लागलोय. हा दोष नाहीच. आपण ती सावली जोडून घेतलीय. जोडलेलं पुसून जात नाही. ते दुसरीकडे जोडावं लागतं.

दुपारी उमाकांतला हॉस्पिटलमध्ये बसवून मी घरी आले. प्रोग्राम पुन्हा टाकून घेतला, निशीच्या लॅपटॉपवर तिची बाहुली उघडली, माझ्या मशीनवर माझी. माझीही एक बाहुली होती, कामापुरती, केससुद्धा कधी नीट केले नव्हते. दोघींना त्या गच्चीवर नेलं.

निशीच्या बाहुलीच्या पायाशी ती होतीच. हात वर.

मी माझी बाहुली निशीच्या बाहुलीच्या अंगात घुसवून त्याच जागी उभी केली. पाय पायावर. मग निशीच्या बाहुलीला सावकाश बाजूला सरकवायला लागले. सावली ताणली गेली. एक पाय तिच्याकडे, एक माझ्याकडे. कापड फाटायच्या आधी ताणतं तशी. मी मोठ्याने म्हटलं, "सोड तिला. मी आहे ना."

टक्.

सावली माझ्या बाहुलीच्या पायाशी पडली. आणि माझ्या देखत...

तिचा हात हळूच खाली आला.

मी खुर्चीत डोळे मिटून बसून राहिले. आता बसेल, मग बसेल. काही बसलं नाही. तासभर नाही, त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. निशी घरी आली, हळूहळू उभी राहिली. पहिला पाऊस येऊन गेला. पोलीस एकदा येऊन चहा पिऊन गेले. मी देवासमोर साखर ठेवली. म्हटलं, सुटलो.

मग स्टेशनबाहेरच्या भाजी बाजारात ते घडलं. मी आणि निशी भाजी घेत होतो. एक स्कूटरवाला आला, निशीच्या दुखऱ्या खांद्याला घासून गेला आणि वर तिलाच घाणेरडी शिवी देऊन गेला. निशी कळवळली. माझ्या डोक्यात सणक गेली. मनात आलं, याचं थोबाड फुटलं पाहिजे.

बाजार गप्प झाला.

माणसं बोलत होती, तोंडं हलत होती, हातगाडीवाल्याची घंटा हलत होती. आवाज नाही. आणि तो स्कूटरवाला चालत्या गाडीवरून मागे फेकला गेला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. तो रस्त्यावर पडला, आणि पडल्यावरही त्याचं डोकं दोनदा उडालं. दोनदा. नाकाचं काही उरलं नाही. टोमॅटोच्या क्रेटपर्यंत रक्त गेलं.

लोक म्हणाले, चक्कर आली असेल, गर्मी बहुत है भैया.

मी निशीचा हात धरून घरी आले. खोटं नाही बोलणार, आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. त्याची मला आजही किळस येते.

तरी मी स्वतःला समजावलं, योगायोग असेल. माणूस सोयीचं तेच मानतो.

मग उमाकांतने माझ्याच घरात मला न सांगता एक उद्योग केला. इचलकरंजीला माझ्या भावाला फोन करून सांगितलं की निशीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला घेऊन जा, इस्पितळात ठेवा. त्याचंही काही चुकलं नव्हतं, तो घाबरला होता. पण मला हे भावाकडून कळलं. उमाकांत सोफ्यावर पेपर वाचत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं. आणि माझा स्वतःचाच आवाज मला ऐकू आला नाही.

मी थांबायला हवं होतं. थांबता येत नाही हो. दूध वर आल्यावर त्याला सांगून उपयोग नसतो.

पेपर मधोमध फाटला. त्याच्यामागचा हात मनगटातून उलटा वळला. नंतर दुसरा. तो ओरडत होता, मला नुसतं त्याचं उघडं तोंड दिसत होतं. तो माझ्याकडे बघत होता. दांडकं दिसत नव्हतं ना त्याला. त्याला मीच दिसत होते.

डॉक्टर गिरिजांनी त्याचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये बांधले. या वेळी त्यांनी मला बाहेर बसवलं.

उमाकांतने त्यांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. मला वाचवलं त्याने. घरी आल्यावर मी त्याच्या पाया पडले आणि सगळं सांगितलं. ज्याच्याशी ती जोडलेली असते त्याचा राग जिकडे जातो, तिकडे ती जाते. निशी राग स्वतःवर काढायची. म्हणून निशीला मारत होती. मी जगावर काढते.

उमाकांत म्हणाला, दे सोडून कुणाच्यातरी बाहुलीच्या पायाशी. हजारो बाहुल्या हिंडतात तिथे. कुणाला कळणार आहे?

मी विचार केला नाही असं नाही. पण कुणाच्या पायाशी बांधू? कुण्या गरीब पोरीच्या, जी आपल्या आईवर चिडते? कुण्या आईच्या, जी अभ्यास केला नाही म्हणून पोरावर चिडते? नाही जमलं मला.

हे बोलणं आतल्या खोलीत निशीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरून औषधं घेऊन आले, तर ती माझ्या मशीनसमोर बसलेली. शेजारी तिचा लॅपटॉप, दोन्हीवर गच्ची उघडलेली. तिची बाहुली माझ्या बाहुलीच्या अंगात अर्धी शिरलेली. ती पाय जुळवत होती.

माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, ती माझीच होती. मी घेते परत."

जिच्यासाठी मी जीव टांगणीला लावला, जिच्या तोंडात अजून तो दात नाही, ती पुन्हा मरायला निघालेली. तुम्ही चिडला नसता?

पंख्याचा आवाज गेला.

निशीलाही तो जाणवला. ती वळली. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, बसल्या जागी अंग मुडपून घेतलं. बास, एवढंच. पळालीसुद्धा नाही. आणि तिच्या मागच्या भिंतीवर...

माझी सावली एवढी उंच नाही.

मी डोळे मिटले. राग मागे घेता येत नाही, हे मला आयुष्यभर माहीत आहे. मग तो वळवायचा. मी स्वतःवर चिडायला लागले. सोपं नसतं ते, करून बघा. सवय लागते त्याला. नवऱ्याचे हात मोडलेस. त्या माणसाचं तोंड फुटल्यावर खूश झालीस. सगळ्यांना धाक दाखवून जगलीस, ही तुझी माया. मी शोधून शोधून स्वतःला घालून पाडून बोलले. आणि मग शोधावं लागेना. आपोआप यायला लागलं.

पहिला फटका उजव्या कोपरावर बसला. हाड आतल्या आत फुटलं, पेरू फुटतो तसं. मी खाली बसले. दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्याला शुद्ध गेली.

पण निशीला ओरखडा नाही.

शुद्ध आल्यावर मी पहिलं काम केलं, तिला या घरातून घालवलं. टिळक नगरला तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे. तिची बाहुली, तिचं खातं, कायमचं बंद केलं, पुन्हा तिकडे जायला वाटच नको. उमाकांत जयपूरबाहेर, चौमू गावच्या शाखेत कामाला जातो आणि तिकडेच राहतो, मीच सांगितलं. कामवाली सोडली. भाभीजींशी हसून बोलते, दुरून. टीव्हीवरच्या बातम्या बंद. नातेवाइकांचे ग्रुप बंद. सगळे म्हणतात, विनया किती शांत झाली.

माझी बाहुली अजून त्या गच्चीवर आहे. मी रोज एकदा उघडून बघते, सावली पायाशीच आहे ना. ती कुणाची, कुठून आली, तिथे कुणी कुणाला मारलं होतं, मला माहीत नाही. त्या गच्चीचा मालक मी खूप शोधला. कुणाला काही सांगता येत नाही. काल फक्त एक वेगळं दिसलं...

ती माझ्या बाहुलीपेक्षा मोठी झालीय.

निशी रोज फोन करते. मी उचलत नाही. ज्या माणसावर आपला जीव असतो, त्याच्यावरच आपण सगळ्यात जास्त चिडतो. परक्यावर चिडायला वेळ कुणाला असतो? तिला वाटतं मी रुसलेय. तिने मैत्रिणीकडून निरोप पाठवला, ताई, माझं काय चुकलं? पुन्हा ती स्वतःचंच चुकलं म्हणतेय. पण आता त्याने तिला काही होत नाही. एवढं तरी मी मिळवलं.

हे मी डाव्या हाताने टाइप करतेय. दुपार आहे. ऑक्टोबर असला तरी बाहेर ऊन रणरणतंय. मघापासून खाली बेल वाजतेय. मी खिडकीतून बघितलं.

निशी आहे. गेटशी. टिळक नगरपासून बसने आणि पुढे पायी आली असणार, चेहरा लालबुंद झालाय. डोक्यावर ओढणीसुद्धा घेतलेली नाही. हातात डबा आहे, माझ्यासाठी काहीतरी करून आणलंय. बरगड्या अजून दुखत असणार तिच्या.

ती वर बघून हाक मारतेय. मी पडद्याआड उभी आहे.

दार उघडायला मन धावतंय. पण उघडलं, तर मला माहीत आहे, मी पहिलं काय करणार. मी तिला रागावणार, एवढ्या उन्हात कशाला आलीस म्हणून.